बिअरच्या इलेक्ट्रिक सेटअपमध्ये तापमान वर जातंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियात राहतो. इथे घरच्यापुरती बिअर बनवायला परवानगी आहे, म्हणून गॅस सोडून विजेवर आलोय. ५० लिटरचं स्टीलचं भांडं, २४० व्होल्टवर ५५०० वॉटचं एलिमेंट, ४० अँपियरचा एसएसआर (एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), कंट्रोलला रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) आणि तापमानासाठी डीएस१८बी२० सेन्सर. सगळं ड्रायरच्या सॉकेटवर, त्यामुळे त्या दिवशी कपडे आधी उरकावे लागतात! ब्रेकर जीएफसीआयचाच आहे (करंट गळला की लगेच वीज तोडणारा), त्यात तडजोड नाही.

अडचण अशी की मॅशला (धान्य गरम पाण्यात भिजवून साखर काढायची पायरी) ६६ अंश सेल्सिअस हवेत. स्क्रीनवर ६६ दिसतं, पण धान्यात वेगळा थर्मामीटर खुपसला की ६९! एवढ्या तापमानाला बीटा-अमायलेज (स्टार्चपासून आंबणारी साखर बनवणारं एन्झाइम) लवकर निकामी होतं, साखर नीट आंबत नाही आणि बिअर जड, गोडसर होते. सेन्सर तळाशी जाड नळीत आहे, तो उशिरा कळवतो असा माझा संशय. पंपाच्या बाहेरच्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून सेन्सर तिथे बसवू का? की आधी पीआयडीचे (एलिमेंटला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कंट्रोल प्रोग्रॅमचे) आकडे बदलून बघू?

आणखी एक. एसएसआर जळला की बहुतेक वेळा चालूच राहतो, म्हणून त्याच्या आधी कॉन्टॅक्टर (वीज पूर्ण तोडणारा मोठा रिले) टाकायचाय. कुणी बसवला असेल तर वायरिंगचा फोटो टाका ना, प्लीज.