माडाच्या आळ्यात देवगांडूळ: इक्थिओफिस की गेजेनिओफिस?

प्रश्न: रत्नागिरी तालुका, जुलै. माडाचं आळं खणताना वीतभर लांबीचं, फिकट जांभळट देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा उभयचर) निघालं. देवगांडुळांच्या इक्थिओफिस आणि गेजेनिओफिस या दोन गटांपैकी हे कुठलं? अंगावर पिवळा पट्टा नाही, म्हणजे गेजेनिओफिस धरायचं का? फोटो कुठल्या बाजूने हवेत? आळ्याला मीठ घालायचं राहिलंय.

उत्तर १: नुसत्या पट्ट्यावरून ठरवू नका. इक्थिओफिस बॉम्बेएन्सिसलाही पट्टा नसतो. शेवटचं टोक पाहा. इक्थिओफिसला गुदद्वाराच्या मागे टोकदार, आखूड शेपूट असते आणि डोळा कातडीखाली काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. गेजेनिओफिसचं टोक बोथट, शेपूट नाहीच, डोळा हाडाखाली दडलेला. अंगावरची वलयंही बघा: इक्थिओफिसची अगदी दाट, गेजेनिओफिसची पुढच्या भागात रुंद आणि मागे त्यांच्या मध्ये आणखी एकेक.

फोटो चार: डोकं बाजूने, हनुवटी खालून, मधलं अंग, शेवटचं टोक. फ्लॅश बंद ठेवा. ओल्या चिकट कातडीवर चकाकी येते आणि वलयं मोजता येत नाहीत. उजेड तिरका पाडा.

उत्तर २: हाताळताना हात विहिरीच्या पाण्याने ओले करा, साबण नको. हा प्राणी कातडीतूनही श्वास घेतो, उन्हात लगेच सुकतो. नंतर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, कातडीचा स्राव झोंबू शकतो. डब्यात ओली माती घाला, झाकण घट्ट लावा (फटीतून निसटतं), दोन-तीन मिनिटांत फोटो उरका आणि त्याच आळ्याच्या सावलीत, पाल्याखाली सोडा.

मीठ मात्र तिथे आत्ता घालू नका. उभयचराच्या कातडीतून ते पाणी ओढून घेतं, आणि प्राणी मरतो.

उत्तर ३: शेपूट नसेल तर गेजेनिओफिस शेषाचारी असू शकेल. 2003 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावच्या नमुन्यावरून ही जात नोंदली गेली, देवगांडुळांवर काम केलेल्या बी. आर. शेषाचार यांच्या नावाने. याच गटातली दुसरी जात, गेजेनिओफिस रामस्वामी, अंडी घालते. शेषाचारीची मादी थेट पिल्लांना जन्म देते. आशियातल्या उभयचरांत असं पहिल्यांदा आढळलं ते हिच्यातच, 2008 मध्ये.

म्हणून पावसाळ्यात आळ्यात कुदळ नको, खुरप्याने वरवर उकरा. एका घावात मादीबरोबर पोटातली पिल्लंही जातात. तुटलेलं सापडलंच तर फेकू नका, पोटाचा फोटो घ्या: आत अंडी आहेत की पिल्लं, यावरून बरंच कळतं.

प्रश्नकर्ता: टोक बोथट आहे, शेपूट नाही. फोटो काढून त्याच आळ्यात सोडलं. मीठ थांबवलंय.