सीएनटी (कार्बन नॅनोनळ्या) घातलेल्या इपॉक्सीच्या मॉड्युलससाठी (ताठरतेच्या आकड्यासाठी) आरव्हीई (पदार्थाच्या प्रातिनिधिक तुकड्याचं संगणकी मॉडेल) हवंच का?

ताणरेषा: वजनाने ०.५ टक्के मल्टीवॉल (एकात एक अनेक भिंतींच्या) नळ्या, म्हणजे घनफळाने साधारण ०.३ टक्के. एवढ्यासाठी लोक आठवडाभर संगणकांचा क्लस्टर अडवून बसतात. कागदावर करून बघा. नळीचा व्यास २० नॅनोमीटर, आणि इपॉक्सीचा भार मुख्यतः बाहेरच्या भिंतीवर येतो, कारण आतल्या भिंती घसरतात. भिंतीची जाडी ०.३४ नॅनोमीटर, मॉड्युलस १००० जीपीए (गिगापास्कल). तोच भार भरीव दंडगोलावर वाटला की उरतात जेमतेम ६७ जीपीए. नळ्या सर्व दिशांना विखुरलेल्या, म्हणून गुणक १/५. ३ जीपीएच्या इपॉक्सीत भर पडते ०.०४ जीपीएची. थेट १००० घातले तर ०.६ची. गोंधळ इनपुटमध्येच आहे, मेष (मॉडेलच्या घटकांची जाळी) बारीक करून काय होणार?

बीम३१: आकडे बरोबर, निष्कर्ष नाही. तो १/५ सरळ नळ्यांचा. खऱ्या नळ्या वेड्यावाकड्या असतात, शिवाय गुठळ्या होतात. नळी २ मायक्रॉन लांब असेल तर ४ मायक्रॉन बाजूचा घन घ्या, सुमारे ३०० नळ्या बसतात. नळ्यांना बीम घटक (ट्रस नको, त्याला वाकण्याचा ताठरपणाच नसतो), एम्बेडेड बंधन (नळी इपॉक्सीच्या जाळीत रुतवून तिच्याबरोबर हलवणं), समोरासमोरच्या बाजूंवर पीरियॉडिक सीमाअटी (तोच घन सगळीकडे पुन्हा पुन्हा आल्यासारख्या), आणि निदान पाच रँडम सीड (नळ्यांच्या पाच वेगवेगळ्या मांडण्या). आठवडा लागतो तो नळीची भिंत घन घटकांनी मेष करणाऱ्यांना!

ताणरेषा: एम्बेडेडमध्ये नळीच्या जागचं इपॉक्सी तसंच राहतं, ताठरता दोनदा मोजली जाते. वर नळी आणि इपॉक्सीचं चिकटणं शंभर टक्के धरलेलं. आकडा फुगणारच.

बीम३१: बीमला ६७ऐवजी ६४ द्या (इपॉक्सीचे ३ वजा), मिटलं. चिकटण्याचं म्हणाल तर मॉड्युलस ०.१-०.२ टक्के विकृतीवर (स्ट्रेनवर) मोजतो, तिथे इंटरफेस (नळी-इपॉक्सीचा जोड) सहसा सुटत नाही. ताकद काढायची असेल तर कोहेसिव्ह मॉडेल (हा जोड कधी सुटतो ते सांगणारं) लावाच.

काचबिंदू_टीजी: आणि कोहेसिव्हचे आकडे एमडीतून (रेणूंच्या हालचालींच्या सिम्युलेशनमधून) उचलणार ना? एमडीत विकृतीचा दर सेकंदाला १०⁸च्या घरात, यूटीएमवर (ताण-चाचणीच्या यंत्रावर) १०⁻⁴. एवढ्या वेगात इपॉक्सी खूपच ताठ दिसतं. दुसरी गोची: आखूड, गुळगुळीत नळी उपसताना लागणारं बल रुतलेल्या लांबीवर जवळजवळ अवलंबून नसतं, ते टोकांपाशी एकवटतं. त्याला पूर्ण पृष्ठफळाने भागलं की नळी लांब केली तसा कर्तन-ताण घटत जातो. असा आकडा पदार्थाचा गुणधर्म म्हणून इनपुट फाइलमध्ये घालू नका.

ताणरेषा: गुठळ्यांचंही तेच. गुठळीतल्या नळ्यांचं प्रमाण आणि गुठळ्यांचं घनफळ, ही दोन पॅरामीटर्स प्रयोगाच्या वक्रावर बसवली की कुठलंही मॉडेल जुळतं.

बीम३१: म्हणून ती आधी मोजायची. मायक्रॉनच्या गुठळ्यांना पातळ काप आणि साधा ऑप्टिकल मायक्रोस्कोप पुरतो. टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) काप ७०-१०० नॅनोमीटरचा, त्यात नळीचे तुकडेच दिसतात. नळीची लांबी तिथून घेऊ नका. सॉनिकेशननंतरच्या (ध्वनिलहरींनी नळ्या सुट्या केल्यावरच्या), रेझिनमध्ये जाण्याआधीच्या विखुरणातून मोजा.