खर्च का फुगला, हे मोजमाप पुस्तिकेत दिसतं

नाशिकमध्ये सार्वजनिक कामांच्या दुरुस्तीचा खर्च एका वर्षात दुप्पट झाला म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं काही जण म्हणतात. मुरतही असेल. पण नाशिकचे आकडे वाचताना आधी सिंहस्थ कुंभमेळ्याचा खर्च बाजूला काढा. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७, दर बारा वर्षांनी रस्ते-घाटांचा खर्च उसळणारच. त्यामुळे लागून असलेल्या दोन वर्षांची तुलना फसवी ठरते.

दुसरं, अंदाजपत्रकातला आकडा म्हणजे खर्च नव्हे. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही रकाने शेजारी ठेवा. तरतूद मोठी आणि खर्च चिमूटभर, हाही प्रकार असतो.

खरी गंमत मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या सरकारी वहीत (मेजरमेंट बुक, एमबी). मी मागे एका विभागीय कार्यालयात माहिती अधिकारात ती पाहायला मागितली होती. अर्ज दहा रुपयांचा, पाहणीचा पहिला तास फुकट. (अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांत ठेवा, नाहीतर नाकारायला तेवढंच निमित्त होतं.) गल्लीतल्या गटाराचं काम तीन तुकड्यांत, ठेकेदार एकच, आणि तिन्हींच्या नोंदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात! लांबी लिहिली होती १२० मीटर. संध्याकाळी मुलाला घेऊन टेपने मोजली, ८५ भरली.

तेव्हा आरोपाआधी दुरुस्तीच्या कामांची यादी, कार्यारंभ आदेश आणि एमबीच्या प्रती मागवा. टेप मी आणतो.