संशयकल्लोळचा शेवट घाईचा का वाटतो?

प्रश्न: नाशिकच्या हौशी मंडळासाठी 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटक दोन तासांत बसवतोय. शेवटी सगळ्यांचा संशय चुटकीसरशी फिटतो, ते पटत नाही. काय कापू नये?

उत्तर १: तसबिरीचा प्रवास! नायिका रेवतीला भोवळ येते, संशयी फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीची पडलेली तसबीर, तिच्या प्रियकर अश्विनशेठची, कृत्तिका उचलते. ती तसबीर न्याहाळतेय, हे फाल्गुनराव बघतो. एकाच वस्तूमुळे दोन्हीकडे आग. यातला एक दुवा गाळलात की उलगडा उपराच वाटणार.

उत्तर २: तसबीर मोठी घ्या, कालिदास नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसली पाहिजे. पदं खुशाल कापा, संशय चढतो तिथली सोडून.

उत्तर ३: मूळ सांगाडा फ्रेंच नाटककार मोलिएरचा, १६६० चा. तिथेही उलगडा झटपटच. फाल्गुनरावाला मात्र पुरता सुधारू नका, एक डोळा किलकिला राहू दे.