पंप बदलायच्या आधी हवा बघा

भाऊ, तुमची पेट्रोल गाडी भुसावळपर्यंत हायवेला मख्खन चालते आणि जळगावात आकाशवाणी चौकात थांबली की बंद पडते, असं म्हणताय. मग कुणी सांगितलं म्हणून फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा पंप) लगेच बदलू नका. पंप कमजोर असता तर ओव्हरटेक करतानाच दम तुटला असता.

हे दुखणं बहुतेक हवेचं असतं. ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप मिटते आणि ७००-८०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) इंजिन बारीक फटीतून येणाऱ्या हवेवर चालतं. झडपेच्या कडेला काळा कार्बन साचला की ती फट बुजते आणि संपलं. एसी लावल्यावर जास्त बंद पडत असेल तर पहिला संशय तिथेच. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन कडा पुसा, पण इलेक्ट्रॉनिक (मोटरवर चालणारा) थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू ठेवून झडप बोटाने ढकलू नका. काही गाड्यांत नंतर गॅरेजच्या स्कॅनरने आयडल (ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा इंजिनचा वेग) पुन्हा सेट करावं लागतं.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून नुसता ब्रेक दाबून बघा. फुस्स आवाज येऊन आरपीएम पडला तर बूस्टर (इंजिनच्या ओढीवर ब्रेक हलका करणारा भाग) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप गळतोय आणि तिथून इंजिनात जादा हवा शिरतेय. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत रबर कडक होऊन तडकतंच. इंजिन बंद करून चार-पाचदा ब्रेक मारा, पेडल दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर हायवेला गाडी काढूच नका, ब्रेक ऐनवेळी दगडासारखा होतो.