धार्मिक संस्थेच्या आरोग्य शिबिरात स्वयंसेवक म्हणून जावे का, आणि कोणत्या अटीवर?

कोपरीतील फार्मासिस्ट (धागा सुरू करणारी):

ठाण्यातील एका उपासना मंडळाबरोबर गेल्या चार वर्षांत मी मोखाडा तालुक्यातील पाड्यांवर पाच आरोग्य शिबिरांना औषधवाटपासाठी गेले. येत्या जानेवारीतील शिबिरासाठी मंडळाने पुन्हा नावे मागवली आहेत. नाव देण्याआधी माझे मत इथे मांडते: ज्या शिबिराची पुढची तारीख त्याच पाड्यासाठी आधी ठरलेली नाही आणि ज्याचे केसपेपर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जात नाहीत, त्या शिबिराला आपण जाऊ नये, मग ते कोणत्याही धर्माच्या नावाने भरलेले असो.

हे मत एका आजींमुळे झाले. गेल्या वर्षी माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडली आणि तीन अर्धवट स्ट्रिप्स काढल्या. तिन्हींवर नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण आत एकच औषध होते, अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे बीपीची गोळी. एक स्ट्रिप आमच्या मंडळाची होती, उरलेल्या दोन इतर दोन संस्थांच्या शिबिरांतल्या. आजी म्हणाल्या, "डोकं दुखलं का एक खाते." पिशवीत घडी घातलेली आमचीच जुनी चिठ्ठी होती आणि तिच्यावर आमच्याच डॉक्टरांच्या अक्षरात १८०/१०० लिहिले होते. त्या दिवशी बीपी १९०/११० भरला, आणि आम्ही पुन्हा पंधरा गोळ्या दिल्या. बीपीची गोळी रोज घ्यायची असते, बरे वाटले तरी घ्यायची असते, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगायला माझ्याकडे दोन मिनिटेसुद्धा नव्हती, कारण मागे शंभर माणसे उभी होती. पंधरा दिवसांनंतरचे साडेतीनशे दिवस कोणाचे, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

दुसरी गोष्ट आरतीची. टोकन आरतीनंतर मिळतात, असा आमच्याकडे प्रघात आहे. एकदा तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन एक बाई पाऊण तास बसून होती. मीच उठून तिला डॉक्टरांकडे नेले आणि त्याबद्दल मला नंतर समज देण्यात आली. मी स्वतः श्रद्धाळू आहे, रोज पूजा केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तरीही त्या पाऊण तासाचे समर्थन मला करता येत नाही.

वाशीतील सेवेकरी:

ताई, आपली तळमळ पोहोचली, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. मी अकरा वर्षे अशा शिबिरांना जात आहे. या काळात मोतीबिंदूने आंधळी झालेली कितीतरी माणसे आम्ही गाडीत घालून शहरातील रुग्णालयात नेली, शस्त्रक्रिया झाल्यावर घरी सोडली आणि पट्टी निघाल्यावर त्यांनी नातवंडांचे चेहरे पाहिले. त्यांना "पुढची तारीख ठरलेली नाही, म्हणून आम्ही येत नाही" असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? मोतीबिंदूला साडेतीनशे दिवसांची गोळी लागत नाही, एक शस्त्रक्रिया लागते.

श्रद्धेशिवाय हे काम टिकत नाही, हेही मी अनुभवाने सांगतो. आमच्या वसाहतीत दोन सामाजिक गट उत्साहाने सुरू झाले आणि दोन वर्षांत थंडावले. भक्तीने बांधलेला माणूस रविवारी पहाटे चारला उठून गाडीत बसतो. मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय उभारणारे वानलेस मिशनरी होते, जामखेडला खेड्यांतली आरोग्यसेवा उभारणारे डॉक्टर आरोळे दांपत्य श्रद्धावान ख्रिस्ती होते. त्यांच्या कामातून धर्म वजा केला असता, तर ते काम उभे राहिले असते का? आरती हा आमच्या सेवेचा प्राण आहे. ज्याला यायचे नाही, त्याने बाहेर थांबावे, औषध त्यालाही मिळतेच.

मोखाड्याचा, सध्या ऐरोलीत:

मी त्याच तालुक्यातील वारली पाड्यावर वाढलो, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

दादा, "ज्याला यायचे नाही त्याने बाहेर थांबावे" हे वाक्य लिहायला सोपे आहे. पाड्यावर चार गाड्या येतात, सरपंच स्वागताला उभा असतो, सगळा गाव मंडपात बसतो, अशा वेळी माझी आई एकटी बाहेर कशी थांबेल? आमचे देव आहेत. हिरवा आहे, हिमाय आहे, कणसरी आहे, वाघोबा आहे. औषधाच्या पिशवीत तुमच्या देवाचा फोटो येतो, दुसऱ्या संस्थेच्या पिशवीत क्रूसाचे चित्र येते, आणि गोळ्या घेतल्यावर फोटो परत करणे आमच्यात उद्धटपणाचे मानतात. आईने असे सगळे फोटो कुडाला ओळीने लावून ठेवले आहेत. तिला कोणी बळजबरी केली नाही, हे खरे. तिला नाही म्हणण्याची जागा दिली नाही, हेही तितकेच खरे.

पण माझा मोठा आक्षेप जानेवारी महिन्याला आहे. दिवाळी झाली, भात झोडून झाला, की आमची घरेच्या घरे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. गरोदर बाई जाते, अंगावर पिणारे मूल जाते, क्षयाचा औषधोपचार चालू असलेला माणूसही अर्ध्यातून जातो. जानेवारीत पाड्यावर उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली काही पोरे. तुम्ही ठाण्याहून चार तासांचा प्रवास करून मोखाड्याला जाता, तेव्हा ज्यांच्यासाठी जाता त्यांतले निम्मे लोक तुमच्या वाटेवरच, भिवंडीच्या भट्टीवर, विटा थापत असतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली, तेव्हापासून आमच्या भागात मदतीच्या गाड्या येत आहेत. भाताची लावणी चालू असते, घरातले धान्य संपलेले असते, ओढे भरलेले असतात आणि मुले सर्वांत जास्त आजारी पडतात, त्या जुलै-ऑगस्टमध्ये गाड्या मी फार थोड्या पाहिल्या.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, ठाणे पश्चिम:

फार्मासिस्ट ताईंच्या दोन्ही अटी योग्य आहेत, पण जाणे थांबवण्याला माझा विरोध आहे. जाणत्या माणसांनी अंग काढून घेतले, तर शिबिर बंद पडत नाही, ते फक्त अजाणत्यांच्या हाती जाते.

आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण आहे. तिथली पदे अनेकदा रिकामी असतात, हे मी नोकरीत भोगले आहे. तरीही आशाताई त्याच पाड्यावर राहते आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे तिला तोंडपाठ असते. बीपीच्या गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. त्या आजींचे नाव आशाताईच्या वहीत गेले असते, तर तीन संस्थांच्या तीन स्ट्रिप्स जमल्या नसत्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला महिनाभर आधी पत्र द्यावे, शिबिरात आशाताईला डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची द्यावी आणि संध्याकाळी केसपेपरची एक प्रत तिच्या हाती ठेवून निघावे.

एक गोष्ट मात्र कृपया करू नका. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून अनेक मंडळांना शिबिरात सिकलसेलची चाचणी करण्याचा उत्साह आला आहे. प्राथमिक चाचणीवरून वाहक (ज्याला स्वतःला आजार नसतो, पण तो मुलांकडे जाऊ शकतो) कोण आणि रुग्ण कोण हे पक्के ठरत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागते. केवळ पहिल्या चाचणीच्या आधारावर "तुमच्या मुलीला सिकलसेल आहे" असे सांगून गाडी निघून गेली, की त्या मुलीचे लग्न अडते. समुपदेशक बरोबर नसेल, तर ती चाचणी करूच नये.

वाशीतील सेवेकरी:

जानेवारीचा मुद्दा मला खरोखर ठाऊक नव्हता. आम्हाला नेहमी वाटे, की मोखाड्यात म्हातारी माणसेच जास्त आहेत. फोटोंबद्दलही वाईट वाटले, कारण आम्ही ते प्रेमाने देतो. पिशवीतून फोटो काढण्याचा विषय मी बैठकीत मांडीन. आरती मात्र मी सोडणार नाही. टोकन आधी द्यावे आणि आरती काम संपल्यावर करावी, एवढे मी मान्य करतो.

कोपरीतील फार्मासिस्ट:

दादा, तेवढेच मागणे होते. मोतीबिंदूबाबत आपण बरोबर आहात, माझे विधान तिथे सरसकट झाले. रुग्णाला नेऊन, शस्त्रक्रिया करून, परत पोहोचवणाऱ्या शिबिराला माझ्या अटी लागू नाहीत. पण आपण दिलेली दोन नावे माझ्याच बाजूची आहेत. वानलेस मिरजेत अनेक वर्षे राहिले. आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले आणि तिथेच राहिले, शिवाय त्यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. म्हणजे श्रद्धेने त्यांना तिथे थांबवले. आपली श्रद्धा आपल्याला रविवारी रात्री घरी आणून सोडते. आपल्याला संसार आहेत, नोकऱ्या आहेत, थांबणे जमणार नाही, हे मला कळते. म्हणूनच जो थांबलेला आहे, त्या आशाताईच्या हाती काम सोपवून निघावे, एवढाच माझा आग्रह आहे.

मंडळाला मी असे कळवत आहे: मोखाड्याचे शिबिर श्रावणात घ्यावे आणि जानेवारीत दर पंधरा दिवसांनी भिवंडीजवळच्या एकाच वीटभट्टीवर जावे. दोन्हींसाठी माझे नाव धरावे. ऐरोलीच्या दादांना विनंती, की भट्टीवर कधी जावे ते सांगावे.

मोखाड्याचा, सध्या ऐरोलीत:

ताई, खर्ची, म्हणजे मजुरांना घरखर्चाचे पैसे, वाटण्याचा दिवस टाळा, त्या दिवशी सगळे बाजाराला जातात. विटा पहाटेपासून पाडतात आणि दुपारी बाया स्वयंपाकाला लागतात, त्यामुळे सकाळी गेलात तर मजुरी बुडेल म्हणून कोणी उठणार नाही. संध्याकाळी पाचनंतर या. मुकादमाची परवानगी आधी घ्यावी लागेल, ते बोलणे मी करतो. बॅटरीचे दिवे आणा, भट्टीवर उजेड नसतो. पाड्यावरच्या आशाताईचा नंबर मी तिला विचारून आपल्याला देईन, म्हणजे पावसाच्या तोंडावर ही माणसे घरी परततील तेव्हा त्यांचे कागद तिच्याकडे आधीच पोहोचलेले असतील.