जुनी स्पोर्ट्‌स कार: पळवावी की जपून ठेवावी?

गिरगावकर:
काकांची १९४८ची एमजी टीसी, म्हणजे दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, पंधरा वर्षं माहीमच्या गाळ्यात ताडपत्रीखाली होती. दोन वर्षं खपून आम्ही ती चालू केली. पहिल्याच बोल्टला पाना बसेना. मिलिमीटरचा नाही, साधा इंचाचाही नाही. मग कळलं, या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचं. चोरबाजारातून जुने पाने आणले, तेव्हा काम सरकलं.

इंग्लंडात गुडवुडच्या ट्रॅकवर १९६६पर्यंत बनलेल्या गाड्या १९९८पासून खऱ्याखुऱ्या शर्यतीत उतरतात, कोट्यवधींच्या फेरारीसुद्धा. आपण मात्र मुंबईच्या रॅलीत हॉर्निमन सर्कलहून वरातीच्या घोड्यासारख्या मिरवून आणतो. वर्षातून एकदा तरी बंद ट्रॅकवर त्या मोकळ्या सोडायला हव्यात.

दादरकर:
साफ असहमत. टीसीच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. एकदा उलटली की नवं लाकूड, नवा पत्रा. मग काकांची गाडी राहिली कुठे? आणि सीटबेल्ट नाही, डोक्यावर काही नाही. इटलीतल्या मिले मिलिया या रस्त्यावरच्या शर्यतीत १९५७ला टायर फुटून फेरारी प्रेक्षकांत घुसली. गाडीतले दोघे आणि नऊ प्रेक्षक गेले, त्यांत पाच मुलं. वेगाची ती शर्यत कायमची बंद झाली.

गिरगावकर:
रस्त्यावरच्या शर्यतीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, म्हणूनच बंद ट्रॅक म्हणतोय. पण उभी ठेवली की जपली जाते, हे मला पटत नाही. पंधरा वर्षांत ब्रेक ऑइलने हवेतली ओल शोषली, ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून पिस्टन जाम. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरांत पेट्रोलचा डिंक झालेला. त्यात माहीमची खारी हवा.

कुर्ल्याचा मिस्त्री:
उभी गाडी मरते हे खरं, रोज बघतो. पण पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, तडकतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर सांगायला नको. आधी सगळ्या नळ्या बदला, मग ट्रॅकचं बोला.

दादरकर:
शिवाय २०२१च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशाच कामांपुरती.

पार्लेकर:
तो नियम रस्त्याचा झाला, ट्रॅकवर ट्रेलरवरून न्या. मिले मिलिया आज पुन्हा होते, पण वेगावर नाही: ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात, सेकंदाच्या हिशेबाने कापायचं. तसं काही करा की.

गिरगावकर:
करूच. पण टीसीला तेवढ्यावर थांबवणं जिवावर येतं. इंजिन लागलं त्या दिवशी काका डॅशबोर्डवर वाकून ऑइल प्रेशरचा काटा बघत होते. चाळीसच्या वर गेला, तेव्हा म्हणाले, "आता दाब." वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

दादरकर:
काकांना माझा नमस्कार सांगा. वेळेवरच्या रॅलीला मीही येईन, स्टॉपवॉच धरून बसेन. शर्यतीला माझा विरोध कायम.